आधी अर्ज, मग पोस्टर : लाइफ सायन्सवाल्यांचे पेटंटचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की बायोटेक, फार्मसी, मायक्रो, शेती असल्या क्षेत्रातल्या लोकांनी पेटंटबद्दलचे प्रश्न पाठवा, तर एवढे प्रश्न आले की सगळे घ्यायचे तर दिवाळी अंकच काढावा लागेल. निवडक घेतलेत, प्रश्न लांबलचक होते ते कापून लहान केलेत. मी स्वतः मायक्रोबायोलॉजीची, नंतर पेटंट एजंटची परीक्षा देऊन या कागदांच्या धंद्यात आले, त्यामुळे उत्तरं लॅबच्या बाजूने आणि ऑफिसच्या बाजूने अशी मिसळून येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, कोल्हापूर. एका वनस्पतीपासून वेगळं केलेलं संयुग आणि ते नॅनोपार्टिकलमध्ये भरायची पद्धत असं माझं काम आहे. फेब्रुवारीत कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, अॅबस्ट्रॅक्ट बुक ऑनलाइन आहे. आता गाइड म्हणतात पेटंट करून टाकू. कोणीतरी सांगितलं की एक वर्षाची सवलत असते. खरं आहे का?

अगं, सगळे लोक पोस्टर लावून झाल्यावरच का विचारतात! असो.

एक वर्षाची सवलत असते, पण कुठल्या देशात आणि कशासाठी हे बघावं लागतं. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केलं असेल तर एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. जपानमध्येही आता वर्ष मिळतं. युरोपात जवळजवळ काहीच नाही, तिथे तू स्वतः जरी छापलंस तरी ते तुझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभं राहतं. भारतात मधलंच काहीतरी आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची खिडकी आहे पण ती अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन असेल किंवा एखाद्या विद्वत्संस्थेपुढे पेपर वाचला असेल, तिच्या कामकाजात तो तुझ्या संमतीने छापला असेल, तर. म्हणजे कॉन्फरन्स कोणी भरवली हे महत्त्वाचं. एखाद्या शास्त्रीय सोसायटीचं वार्षिक अधिवेशन असेल तर मुद्दा मांडता येतो, कॉलेजने हॉल घेऊन भरवलेली नॅशनल कॉन्फरन्स असेल तर मी तरी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही. जर्नलमधला पेपर या खिडकीत सहजासहजी बसत नाही, प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर, तर नाहीच.

आता काय करायचं ते सांगते. आधी ते अॅबस्ट्रॅक्ट शांतपणे वाच, पोस्टरचा फोटो शोध, आणि बघ की त्यात नेमकं काय उघड झालंय. बऱ्याचदा दोनशे शब्दांच्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये "चांगले परिणाम मिळाले" एवढंच असतं, पॉलिमर कुठला, प्रमाण किती, तापमान किती, पार्टिकलचा आकार किती, हे काहीच नसतं. जे वाचून दुसऱ्याला ती गोष्ट करता येणार नाही ते पूर्ण उघड झालं असं सहसा मानत नाहीत. पण पोस्टरवर सगळा प्रोटोकॉल फ्लोचार्ट काढून लावला असशील, आणि मुलं मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन गेली असतील, तर तो भाग गेला समज. उरलेल्यावर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, लगेच, या आठवड्यात. प्रोव्हिजनलमध्ये क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ती वाक्यं, लिहायची गरज नसते, तारीख हातात येते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. मात्र प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं नाहीस त्याला ती तारीख मिळत नाही, म्हणून अर्धं पान खरडून टाकू नकोस, तुझ्याकडे असेल नसेल तो सगळा डेटा ओत.

अमेरिकेत जायचा विचार असेल तर तिथली एक वर्षाची मुदत पोस्टरच्या किंवा अॅबस्ट्रॅक्ट ऑनलाइन आलं त्या तारखेपासून मोज, जी आधीची असेल ती. आणि थेट तिकडे अर्ज ठोकू नकोस. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं नाहीतर पेटंट ऑफिसची परवानगी काढायची असं कलम ३९ म्हणतं, मोडलं तर गुन्हा आहे.

आणखी एक, थीसिस. तुमचा थीसिस शोधगंगावर, म्हणजे थीसिसांच्या ऑनलाइन भांडारात, चढला की तो जगाला उघडा झाला. व्हायव्हाला बाहेरची माणसं बसतात, ती पण धर. म्हणून अर्ज आधी, सबमिशन नंतर, आणि विद्यापीठाला काही काळ थीसिस बंद ठेवायची सोय आहे का ते विचारून घे.

तुला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट सांगते. आज आपण ज्याला रीकॉम्बिनंट डीएनए म्हणतो, म्हणजे एका जीवाचं जनुक दुसऱ्यात बसवायचं, त्या तंत्राचं मूळ पेटंट स्टॅनफर्डच्या स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हर्बर्ट बॉयर यांच्या नावाने आहे. पेपर नोव्हेंबर १९७३ मध्ये आला. पेटंट करायचं या दोघांच्या मनातही नव्हतं, स्टॅनफर्डच्या लायसन्सिंग ऑफिसमधल्या नील्स रायमर्सना १९७४ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे हे काम कळलं, मग धावपळ, आणि अर्ज गेला ४ नोव्हेंबर १९७४ ला, म्हणजे अमेरिकेतली एक वर्षाची मुदत संपायला जेमतेम काही दिवस असताना. अमेरिका वाचली. बाकी जगातले हक्क पेपर छापल्याच्या दिवशीच गेले होते. तरी नुसत्या अमेरिकेतल्या हक्कांवर विद्यापीठांनी १९९७ पर्यंत साधारण २५ कोटी डॉलर कमावले. तेव्हा अर्धं गेलं म्हणून सगळं सोडून देऊ नकोस.

प्रश्न : आमच्या ग्रुपने लोणार सरोवरातून एक बॅक्टेरिया वेगळा केलाय. तो जे प्रोटीएझ (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) बनवतो ते पीएच १० ला सुद्धा टिकतं, डिटर्जंटमध्ये वापरता येईल. बॅक्टेरियाचं पेटंट मिळेल का? (सहायक प्राध्यापक, मराठवाडा)

बॅक्टेरियाचं नाही. तो लोणारला तुमच्या आधीपासून राहतोय.

कलम ३(सी) म्हणतं की निसर्गात सापडणारी सजीव किंवा निर्जीव वस्तू शोधून काढणं म्हणजे आविष्कार नव्हे. तुम्ही तो वेगळा केलात, सोळा एस सिक्वेन्सिंग (ओळख पटवायची डीएनए चाचणी) केलंत, नवीन प्रजाती म्हणून नाव दिलंत, कौतुक आहे, पेपर छापा, पण पेटंट त्याच्यावर नाही. दुसरीकडे ३(जे) म्हणतं की वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं यांना पेटंट नाही "सूक्ष्मजीव सोडून". त्या सोडून मध्ये तुमची जागा आहे. म्हणजे त्या बॅक्टेरियात तुम्ही माणसाने केलेला असा बदल केलात की जो निसर्गात नव्हता, तर तो बदललेला सूक्ष्मजीव क्लेम करता येतो. जगात ही वाट उघडली ती आपल्याच एका बंगाली माणसाने, आनंद चक्रवर्तींनी, जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना कच्चं तेल खाणारा सुडोमोनास बनवला, पेटंट ऑफिसने जिवंत वस्तूला पेटंट देत नाही म्हणून हाकलला, आणि १६ जून १९८० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो पेटंटला पात्र ठरवला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आजची बायोटेक इंडस्ट्री वेगळीच दिसली असती. आपल्याकडे २००२ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने डिमिनाको केसमध्ये एवढं मान्य केलं की ज्या प्रक्रियेतून शेवटी जिवंत वस्तू असलेली लस तयार होते त्या प्रक्रियेला नुसतं जिवंत आहे म्हणून नाकारता येणार नाही.

मग तुमच्या हातात काय? भरपूर आहे. ते एन्झाइम कुठल्या माध्यमात, किती तासात, कुठला कच्चा माल वापरून जास्त मिळतं ती प्रक्रिया. एन्झाइम टिकवायचं फॉर्म्युलेशन. एन्झाइममध्ये अमिनो आम्ल बदलून केलेला सुधारलेला प्रकार. दोन-तीन गोष्टी एकत्र करत असाल तर ३(ई) आडवं येतं, नुसतं मिश्रण चालत नाही, एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसतो याचे आकडे अर्जातच हवेत. वेगवेगळे घटक, मग एकत्र, असे कंट्रोल लावलेत का ते आत्ताच बघा, ऑफिसचं ऑब्जेक्शन आल्यावर ते प्रयोग करायला बसलात तर उशीर झालेला असतो.

आता कागदपत्रांचं, कारण जीवशास्त्राच्या अर्जाचं घोडं इथेच अडतं. एक, तो स्ट्रेन (तुमचा नेमका बॅक्टेरिया) लोकांना सहज मिळण्यासारखा नसेल आणि नुसत्या शब्दांत पुरता सांगता येत नसेल तर बुडापेस्ट करारातल्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त ठिकाणी जमा करावा लागतो, अर्जाच्या तारखेपर्यंत. भारतात अशा ठिकाणांपैकी दोन म्हणजे चंदीगडचं एमटीसीसी आणि आपल्या पुण्याचं एनसीएमआर, म्हणजे पूर्वीचं एमसीसी, ही सूक्ष्मजीव साठवणारी केंद्रं. जमा करताना "बुडापेस्टखाली" असं स्पष्ट सांगा, साधं डिपॉझिट वेगळं असतं. बऱ्याच जणांकडे जर्नलसाठी केलेल्या साध्या डिपॉझिटचा नंबर असतो आणि तोच ते अर्जात लिहून मोकळे होतात.

दोन, जैवविविधता कायदा. पेटंट अर्जाच्या फॉर्म १ मध्ये एक घोषणा असते की या आविष्कारात भारतातलं जैविक साहित्य वापरलंय आणि लागणारी परवानगी पेटंट मिळायच्या आत सादर करू. लोक ते वाक्य न वाचता सही करतात किंवा खोडतात, मग तीन वर्षांनी परीक्षक विचारतो, परवानगी कुठाय? २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, भारतीय व्यक्ती आणि संस्थांना पेटंट मिळायच्या आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि धंद्यात उतरताना त्यांची मंजुरी. परदेशी भागीदार असेल तर नियम कडक आहेत. आणि स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) साहित्य कुठून आणलं ते लिहायचंच, "लोणार, जि. बुलढाणा" असं सरळ. लोणार हे अभयारण्य पण आहे आणि २०२० पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) पण आहे, तेव्हा नमुने गोळा करायची वनखात्याची परवानगी तुमच्या फाइलमध्ये असेल अशी आशा करते. नसेल तर आधी ती गोष्ट निस्तरा, पेटंट नंतर.

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या जखमेवर लावायचा एक लेप करतात, हळद, कडुनिंब आणि अजून तीन गोष्टी. त्याचं पेटंट काढून ठेवावं म्हणतो, नाहीतर उद्या अमेरिकावाले काढतील. (वैद्य, सांगली)

वैद्यबुवा, अमेरिकावाल्यांनी काढलं होतं आणि काढून घेतलंही गेलं.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या दोन संशोधकांना, गंमत म्हणजे दोघंही भारतीय वंशाचे, जखम भरण्यासाठी हळदीचा वापर यावर अमेरिकन पेटंट मिळालं. ते पाडायला निघाले तेव्हा सीएसआयआरचे (सरकारी प्रयोगशाळांच्या शिखर संस्थेचे) प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, आणि नुकतेच पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून) दिल्लीला गेलेले. हळद जखमेवर लावतात हे सांगायला आपल्याकडे आजी पुरते, अमेरिकन पेटंट ऑफिसला आजी चालत नाही, छापील कागद लागतो. सीएसआयआरने बत्तीस संदर्भ गोळा केले, संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ, आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपर. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. वर्तमानपत्रांनी त्याला हळदीघाटीची लढाई म्हटलं ते आठवत असेल. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंट, अमेरिकन कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीचं, बुरशीवर कडुनिंबाचं तेल वापरण्याबद्दल होतं, ते २००० मध्ये रद्द झालं आणि अपिलात २००५ पर्यंत चाललं. एक पेटंट काढायला काही हजार डॉलर आणि ते पाडायला दहा वर्षं, असला हा व्यवहार. त्यातूनच टीकेडीएल नावाचा डेटाबेस तयार झाला, आयुर्वेद, युनानी, सिद्ध यातले योग पाच परदेशी भाषांत करून ठेवलेले, म्हणजे तिकडच्या परीक्षकाने शोधलं की समोर येतात.

आता ह्याची दुसरी बाजू तुमच्यासाठी. जो दरवाजा अमेरिकेसाठी बंद केला तो तुमच्यासाठीही बंद आहे. कलम ३(पी) सांगतं की पारंपरिक ज्ञान, किंवा पारंपरिक घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती बेरीज, हा आविष्कार नाही. हळद आणि कडुनिंब दोन्ही जखमेसाठी प्रसिद्ध, त्यामुळे तुमच्या अर्जावर ३(पी) आणि ३(ई) अशी जोडगोळी येणार हे मी आत्ताच लिहून देते. त्या "अजून तीन गोष्टी" मध्ये एखादी अनपेक्षित असेल, किंवा अर्क काढायची तुमची पद्धत खरंच वेगळी असेल आणि त्याने फरक पडतो हे प्रयोगाने दाखवता येत असेल तर बोलता येईल. नसेल तर गुपित म्हणून ठेवा, चार पिढ्या ठेवलंतच की. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क करा, त्याचा उपयोग जास्त आहे. विकायचं असेल तर आयुष लायसन्स लागेल, ते पेटंटपेक्षा आधी बघा.

आणि सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तो वेगळा विषय, तो त्या भागातल्या सगळ्यांचा असतो, एकट्याचा नाही.

प्रश्न : लिंक्डइनवर आमच्या कॉलेजचे सर लोक "माय पेटंट गॉट पब्लिश्ड" म्हणून हार घातलेले फोटो टाकतात. पब्लिश होणं म्हणजे मिळणं का?

नाही. अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपोआप पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो, कोणाचाही, कसलाही. घाई असेल तर फॉर्म ९ भरून पैसे टाकले की लवकर छापतात, म्हणूनच मूल्यांकनाच्या तोंडावर असल्या फोटोंचा पूर येतो. तेव्हा परीक्षकाने अर्ज उघडूनसुद्धा बघितलेला नसतो. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, आता ३१ महिन्यांच्या आत, आणि कित्येक अर्ज ती न केल्यामुळे तिथेच मरतात, हार मात्र घालून झालेला असतो. शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन फी १६०० रुपयांपासून सुरू होते, एवढ्या स्वस्तात सत्कार दुसरा कुठे मिळणार? मला यात वाईट एवढंच वाटतं की खरंच काही असलेलं काम पण कधी कधी या घाईत कच्चं छापून बसतं आणि मग ते ना पेटंट ना पेपर.

प्रश्न : माझ्या कामावर पेटंट अर्ज झाला. संशोधक म्हणून विभागप्रमुख, गाइड, एक बाहेरचे सर अशी नावं आहेत, माझं नाव चौथं. आणि मालक विद्यापीठ. हे बरोबर आहे का? (नाव देऊ नका)

नाव देत नाही.

मालकीचं आधी. आपल्या पेटंट कायद्यात नोकराने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या आविष्काराचं काय, हे लिहिलेलंच नाही, म्हणजे तुम्ही प्रवेश घेताना, फेलोशिप घेताना कशावर सही केली त्याच्यावर सगळं आहे. बहुतेक विद्यापीठांचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण असतं, त्यात मालकी संस्थेची आणि उत्पन्नातला वाटा संशोधकांचा असं असतं. ते पीडीएफ शोधून वाचा, वाटा किती ते लिहिलेलं असतं. त्यामुळे मालक विद्यापीठ यात वावगं काही नाही, फी पण तेच भरतायत.

संशोधकांच्या नावाचं मात्र वेगळं आहे. पेपरवर मोठ्या माणसाचं नाव मानाने टाकायची आपल्याकडे रीत आहे, पेटंटमध्ये मानाचं नाव चालत नाही. ज्याने आविष्काराच्या कल्पनेत भर घातली तोच संशोधक. खोली दिली, ग्रँट आणली, पत्रावर सही केली, यातलं काहीही पुरत नाही. तुम्ही नुसतं सांगितल्याप्रमाणे प्रयोग केले असतील तर तुम्हीही बसत नाही हे पण लक्षात घ्या, कडू आहे पण तसंच आहे. चौथं की पहिलं याला काही अर्थ नसतो, सगळे सारखे. चुकीचं नाव घातलं किंवा खरं गाळलं तर पुढे परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पेटंटच अडचणीत येऊ शकतं, हे गाइडना जरा गोड शब्दांत सांगा. भांडणापेक्षा ते जास्त लागू पडतं.

आणि नोटबुक. शिवलेली वही, पानांवर नंबर, रोजची तारीख, पेनने लिहिलेलं, चुकलं तर एक रेघ मारून खोडलेलं (व्हाइटनर अजिबात नाही), आणि ज्याचा त्या कामाशी संबंध नाही अशा कोणाची तरी अधूनमधून सही. क्रिस्पर या जनुकं कापून बदलायच्या तंत्राच्या पेटंटवर बर्कली विद्यापीठवाले आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्यात अमेरिकेत जी वर्षानुवर्षं मारामारी चालली, बर्कलीचा अर्ज मे २०१२ चा, ब्रॉडचा त्याच डिसेंबरचा पण पैसे भरून पटकन तपासून घेतलेला आणि २०१४ मध्ये आधी मिळालेला, त्यात कोणी कधी काय विचार केला हे ठरवायला वह्या आणि ईमेल उकरून काढावे लागले. आता अमेरिकेतही आपल्यासारखंच आधी अर्ज करेल त्याचं असं झालंय, तरी कोणाची कल्पना होती हा प्रश्न सुटतो तो वहीवरूनच. तुमची वही तुमच्याकडे आहे ना? फोटो काढून ठेवा, आज.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे, चंद्रपूर जिल्हा. वडिलांनी शेतात निवडून निवडून धानाचं एक वाण तयार केलंय, गावात सगळे तेच लावतात. पेटंट मिळेल का?

पेटंट नाही, पण तुमच्यासाठी त्याहून बरं काहीतरी आहे, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला लागावं याचं वाईट वाटतं.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकराच्या शेतात ओंब्या निवडत निवडत एचएमटी तांदूळ तयार केला, घड्याळाच्या नावावरून नाव पडलं. तो तांदूळ किती राज्यांत गेला ते तुम्हाला माहीत आहे. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण काढलं, त्याचं मूळ दादाजींच्या बियाण्यात होतं, आणि श्रेयावरून वाद झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. २०१८ मध्ये ते गेले, मानसन्मान मिळाले, हातात पैसा म्हणाल तर नाही. त्यांनी ज्या काळात वाण केलं तेव्हा शेतकऱ्याच्या नावे नोंद करायचा कायदाच नव्हता. तो आला २००१ मध्ये, वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क असा दोन्ही नावं असलेला. त्यात शेतकऱ्याचं वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदता येतं, फी माफ आहे, आणि धानासारख्या पिकाला १५ वर्षांचं संरक्षण मिळतं, झाडांना आणि वेलींना १८.

वाण इतरांपेक्षा वेगळं दिसलं पाहिजे, एकसारखं आलं पाहिजे आणि पिढ्यानपिढ्या टिकलं पाहिजे, हे तपासायला बियाणं द्यावं लागतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, ते फॉर्म भरायला मदत करतात. जाताना ओंबीची लांबी, दाण्याचा आकार, फुलोऱ्याचे दिवस, असं जमेल ते लिहून न्या. आणि नोंदणीआधी कोणी "टेस्टिंगसाठी" बियाणं मागितलं, विद्यापीठ असो की कंपनी, तर कागद केल्याशिवाय देऊ नका. साधा एक पानी कागद, कोणी, किती किलो, कशासाठी नेलं, वाण कोणाचं, दोन्हीकडच्या सह्या. वडील म्हणतील शेजाऱ्याला बियाणं द्यायला कसला कागद, तर शेजाऱ्याला नकोच, तो हक्क शेतकऱ्यांना कायद्याने आहेच, स्वतःचं बियाणं ठेवायचा, वाटायचा, विकायचाही, फक्त ब्रँड लावून नाही.

प्रश्न : पेटंटमुळे औषधं महाग होतात, मग संशोधकांनी पेटंट घेणं हे नैतिक आहे का? इन्सुलिनवाल्यांनी फुकट दिलं होतं ना? (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

बाई, फुकट नाही पण जवळपास. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं. त्यांनी पेटंट घेतलं होतं हे मात्र विसरू नका, दुसऱ्या कोणी घेऊन अडवू नये म्हणूनच घेतलं. उलट केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडीचं (एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचं) तंत्र छापून टाकलं, सरकारी यंत्रणेने पेटंटकडे लक्ष दिलं नाही, आणि नंतर त्यावर बाकीच्यांनी पेटंटं घेऊन धंदा उभा केला. मोकळं सोडलं म्हणजे मोकळंच राहतं असं नाही.

महाग होतात हे खरं आहे, वीस वर्षांची मक्तेदारी म्हटल्यावर दुसरं काय होणार. पण आपल्या कायद्यात ब्रेक आहेत आणि ते लागलेले आहेत. बायरचं नेक्सावार हे कॅन्सरचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांच्या आसपास होतं, मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवायची सरकारी मुभा) मिळाला आणि तेच ८,८८० रुपयांना आलं, बायरला रॉयल्टी देऊन. बायर लढली, मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला. त्यानंतर दुसरा असा परवाना दिला गेलेला नाही हेही सांगायला हवं. कलम ३(डी) मुळे नोव्हार्टिसला १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टात रक्ताच्या कॅन्सरच्या ग्लिव्हेकवर पेटंट मिळालं नाही, कारण जुन्याच औषधाचं नवीन रूप आणि त्याने रोगावर परिणाम वाढल्याचं दाखवता आलं नाही.

मला सगळ्यात आवडणारी केस बेडाक्विलिनची आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं हे औषध. त्याच्या क्षाराच्या रूपावर दुसरं पेटंट मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. त्याला विरोध केला तो दोन बायकांनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, दोघींनाही टीबी झालेला, आणि टीबीच्या आधीच्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. पेटंट मिळायच्या आधी कोणीही विरोध करू शकतो, वकील असलंच पाहिजे असं नाही, त्या विषयातले जुने पेपर शोधून दाखवता आले पाहिजेत. तुमच्यासारख्या निवृत्त विज्ञान शिक्षकांना हे काम चांगलं जमेल असं मला खरंच वाटतं.

प्रश्न : सगळ्या जगाचं एकच पेटंट कुठे मिळतं?

कुठेच नाही. पीसीटी हा आंतरराष्ट्रीय अर्ज म्हणजे जगाचं पेटंट नव्हे, तो फक्त वेळ विकत घ्यायचा मार्ग आहे, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३०-३१ महिन्यांपर्यंत देश निवडायला मिळतात, मग प्रत्येक देशात वेगळी फी, वेगळा वकील, वेगळं भाषांतर. "वर्ल्ड पेटंट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा आणि निघा.

प्रश्न : आमच्या एम.एस्सी. प्रॅक्टिकलला क्रिस्पर करायचं ठरतंय. त्याचं पेटंट आहे म्हणे, कोणी केस करेल का?

प्रॅक्टिकलसाठी नाही. कलम ४७ मध्ये पेटंट देतानाच अट असते की नुसत्या प्रयोगासाठी, संशोधनासाठी आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी कोणीही ते वापरू शकतं. पीसीआरचा (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्राचा) तर प्रश्नच नाही, त्याची मूळ पेटंटं २००५-०६ मध्येच संपली. गाडी अडते ती पेटंटवर नाही तर प्लास्मिडवर (जनुकं पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या गोल कडीवर). ते तुम्ही अॅडजीनसारख्या प्लास्मिड बँकेतून मागवता तेव्हा एक एमटीए येतो, मटेरियल ट्रान्सफर अॅग्रीमेंट, आणि त्यात लिहिलेलं असतं की शैक्षणिक वापरासाठीच, दुसऱ्या लॅबला द्यायचं नाही, कंपनीसोबतच्या कामात वापरायचं नाही. हा करार आहे, कलम ४७ त्याच्या आड येत नाही. तो सही करतो विभागप्रमुख, वाचत कोणी नाही, आणि दोन वर्षांनी तुमच्यातलाच एखादा विद्यार्थी तेच प्लास्मिड घेऊन स्टार्टअप काढतो तेव्हा गुंतवणूकदाराचा वकील पहिला कागद हाच मागतो. जिनेटिक इंजिनिअरिंगचं काम म्हटल्यावर कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरीही लागेल, तिची मीटिंग कधी असते ते आधी विचारा, सेमिस्टर संपेपर्यंत होत नाही बऱ्याचदा. एमटीएची एक झेरॉक्स फ्रीझरच्या दारावर चिकटवून ठेवा.